कोऱ्या फॉर्मवरची सही

घरात एखादा फॉर्म आला, की आपल्याकडे आधी पेन शोधत नाहीत, माणूस शोधतात. आपला माणूस! बँकेत आपला कोण, तहसिलीत आपला कोण, दवाखान्यात आपला कोण. तो सापडला की फॉर्म त्याच्या हाती द्यायचा, वर चहा पाजायचा आणि निर्धास्त व्हायचं. वाचकहो, तुमच्या-आमच्या घरात हे रोज घडतं. पिंपळनेरजवळच्या एका खेड्यात योगराजभाऊंच्या घरी घडलं तेही काही वेगळं नव्हतं.

योगराजभाऊंची मुलगी दिपमाला बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली. तिला भूगोल शिकायचा होता. त्यांच्या घरामागून एक ओहोळ वाहतो. शाळेच्या नकाशात तो कुठेच नव्हता, आणि हे तिला लहानपणापासून खुपत आलं होतं. आपल्या ओहोळाला नकाशात जागा का नाही, हे तिनं एकदा गुरुजींना विचारलं होतं. गुरुजी हसून म्हणाले, "मोठी हो, आणि तूच काढ."

धुळ्याच्या कॉलेजात आपला माणूस होता. रुपचंद सर तिथं तत्त्वज्ञान शिकवत. ते भागाबाईच्या, म्हणजे दिपमालाच्या आईच्या माहेरचे. रक्ताचं नातं काही नव्हतं. पण आईच्या माहेरच्या कावळ्यालाही मामा म्हणायची आपल्याकडे रीत, आणि हे तर सर होते. भागाबाईला सख्खा भाऊ नाही. वीस वर्षं ती रुपचंद सरांनाच राखी बांधत आली होती.

जूनच्या सुरुवातीला सर स्वतः गावी आले. अंगणात खाटांवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत होते. सरांनी एक बिबडा तोडून तोंडात टाकला, बॅगेतून कागद काढले आणि म्हणाले, "हं, सही कर बेटा. इथं, इथं, आणि मागच्या बाजूला इथं."

दिपमालानं पाहिलं, विषयांचे रकाने कोरेच होते. "मामा, मला भूगोल..."

"अगं, ते तिथं गेल्यावर बघू. आधी सही."

योगराजभाऊ घसा साफ करत म्हणाले, "एकदा वाचून पाहावं का? पोरीला काय काय विषय..."

भागाबाई आतून चहाची कपबशी घेऊन येत होती. ती उंबऱ्यातच थांबली. "मना माहेरना माणूस शे. त्याले काय इचारनं? बठ्ठं तोच करी!"

सगळं आपणच करायचं, हे ऐकून सर हसले. दिपमालानं तीन ठिकाणी सही केली. फॉर्मबरोबर एक जाड माहितीपुस्तिका होती. तिनं ती हातात घेतली, तसे सर म्हणाले, "ही माझ्याकडंच राहू दे. खेड्यात उंदीर खातील." आणि पुस्तिका पुन्हा बॅगेत गेली.

कॉलेज सुरू झालं त्या दिवशी सर तिला फाटकापाशीच भेटले. चेहरा पडलेला. "बेटा, भूगोल भरला गं, एक जागा उरली नाही. पहिल्याच दिवशी भरला. मी किती खटपट केली! शेवटी म्हटलं, भाची वाऱ्यावर नको. माझ्या विषयात घातलं तुला."

दिपमाला हिरमुसली. पण मामांनी खटपट केली होती. आईनं बांधून दिलेलं बिबड्यांचं गाठोडं तिनं त्यांच्या हातात दिलं आणि वाकून नमस्कार केला. हा नमस्कार पुढे तिला फार दिवस टोचत राहिला.

ती वसतिगृहात राहून तत्त्वज्ञानाच्या वर्गात बसू लागली. सर शिकवण्याआधी रोज डोकी मोजत. "तेवीस... चोवीस," म्हणत आणि समाधानानं चष्मा पुसत. मामांना पोरांची किती काळजी, असं तिला वाटे.

तास नसला की ती ग्रंथालयात जाऊन बसे. तिथं कौतिकनाना होते. पुस्तकं जागेवर लावणारा, धूळ झटकणारा, कार्डं लिहून देणारा निवृत्तीला आलेला माणूस. साक्रीकडचे. बोलायला अगदी कमी. कुणी पुस्तक मागितलं की आधी खाली बघत आणि मग शिडीकडे जात.

एका दुपारी नाना एक लांबट खण उघडून आतले जुने नकाशे फडक्यानं पुसत होते. वरच्याच नकाशावर दिपमालाला ओळखीचं नाव दिसलं, पिंपळनेर. ती न विचारताच वाकली. पांझरेची निळी रेघ डोंगरातून निघाली होती. तिनं त्या रेघेवर बोट ठेवलं आणि सरकवत सरकवत साक्रीपुढून थेट धुळ्यापर्यंत आणलं. मग तेच बोट उलटं नेलं आणि थबकली. पिंपळनेरच्या वर, केसासारखी बारीक एक रेघ नदीला येऊन मिळत होती.

"हा आमचा ओहोळ!" ती ग्रंथालयात ओरडलीच. चार डोकी वर झाली. "नाना, हा आमच्या घरामागचा ओहोळ आहे!"

"भूगोलवाली का तू?" नानांनी विचारलं.

"नाही. तत्त्वज्ञान. भूगोल पहिल्याच दिवशी भरला ना."

नानांच्या हातातलं फडकं थांबलं. "भरला? कोण म्हणे?"

"मामा. म्हणजे रुपचंद सर."

नानांनी समोरचा खण लावला, पुन्हा उघडला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "बेटा, सोमवारी भूगोलाच्या कामिनी मॅडम इथंच बसल्या होत्या. चौदा जागा रिकाम्या आहेत म्हणत होत्या."

दिपमाला हसली. नानांचं ऐकण्यात काही चूक झाली असणार! तरीही पाय तिला कार्यालयाकडे घेऊन गेले. खिडकीत हितेंद्र नावाचा क्लार्क होता. तिचं ऐकून त्यानं एक फाइल काढली, तिचा फॉर्म उघडला आणि काचेला लावून धरला.

पहिली पसंती: तत्त्वज्ञान. दुसरी पसंती: रेघ. तिसरी पसंती: रेघ.

"तुम्हीच मागितलंय हे. सही तुमचीच ना?"

सही तिचीच होती. रकान्यातलं 'तत्त्वज्ञान' मात्र मामांच्या अक्षरात होतं. त्यांच्या 'त'ची शेपटी लांब, खालच्या ओळीत उतरणारी. राखीला येतोय म्हणून आईला येणाऱ्या पत्रात तिनं ती दर वर्षी पाहिली होती. पण तिला खरा धक्का बसला तो पुढं. हितेंद्रनं फॉर्म परत ठेवला तेव्हा फाइलची पानं मागंपुढं झाली आणि एकाखाली एक फॉर्म दिसत गेले. नावं वेगळी. गावं वेगळी. 'त' तोच. दिपमालानं मोजले. अकरा!

भूगोल कधीच भरला नव्हता. कुणी खटपट केलीच नव्हती. मामांनी तिच्यासाठी कुणाच्याही दारात उभं राहून 'माझ्या भाचीला भूगोल द्या' असा एक शब्द काढला नव्हता. आणि तिनं त्यांच्या पाया पडून बिबडे दिले होते.

ती ग्रंथालयात परत आली आणि शेवटच्या कपाटामागं जमिनीवर बसली. रडू आवाज न करता येत होतं. बऱ्याच वेळानं कपाटाच्या पलीकडून आवाज आला, "काबर रडी राहिनी व माय?"

गावची बोली कानावर पडली आणि तिचा बांध फुटला. सगळं सांगून झालं. नाना ऐकत राहिले. मग तेही समोर जमिनीवर बसले, गुडघे धरून.

"मला माहीत होतं," नाना म्हणाले.

"काय?"

"हे. दर वर्षी असतात दहा-बारा. वाचनालयाचं कार्ड करायला येतात, विषय विचारला की अडखळतात. एक पोरगा म्हणाला होता, नाना, मला अर्थशास्त्र हवं होतं. मी म्हटलं, असू दे. आणि कार्ड लिहून दिलं. मी शिपाई माणूस, सरांविरुद्ध काय बोलू? रोज पुस्तकं जागेवर ठेवली, बेटा. पोरं चुकीच्या जागी चाललीत, ते मात्र बघत राहिलो."

दिपमालानं रागानं डोळे पुसले. "मग आता कशाला सांगता?"

"तू ओहोळ बघून ओरडलीस म्हणून," नाना म्हणाले. "तीस वर्षांत इथं कुणी असं ओरडलं नव्हतं."

ते उठले आणि टेबलाच्या खणातून एक जाड पुस्तिका घेऊन आले. उंदीर खातील म्हणून मामांनी नेली, तशीच माहितीपुस्तिका. नानांनी चौदावं पान काढलं. प्रवेशानंतर महिन्याभरात विषय बदलता येतो, असं तिथं स्वच्छ छापलं होतं. पुढच्या पानांवर आणखी काय काय होतं! पुस्तकपेढी. कमवा व शिका योजना. दर बुधवारी दुपारी विषयांबद्दल बोलायला एक मॅडम बसतात, खोली नंबर नऊ.

"ज्योत्स्ना मॅडम बसतात तिथं," नाना म्हणाले. "चार बुधवार एकट्याच बसून गेल्या. बिचाऱ्या लोकर आणतात विणायला."

"मला हे कुणी सांगितलंच नाही, नाना."

"तू विचारलंस का?"

हा प्रश्न तिला लागला. "मामा होते ना! आपल्या माणसाला काय विचारायचं?"

"तिथंच तर चुकतं आपलं," नाना म्हणाले. लाजाळू माणूस, पण आता थांबत नव्हता. "परक्याला आपण दहा प्रश्न विचारतो. भाजीवालीला विचारतो, वांगी कधीची. आणि आयुष्याची गोष्ट आपल्या माणसावर सोडतो, कारण विचारलं तर त्याला वाईट वाटेल! बेटा, तू आपली भाषा बघ. दुसऱ्याला विचारायचं तेही विचार, आणि आपल्या मनाशी करायचा तोही विचार. अहिराणीत तर दोन्ही इचारच. जुन्या लोकांनी ते उगाच एक ठेवलं नसेल. ज्यानं विचारलंच नाही, तो विचार कुठून करणार?"

महिना भरायला एकच दिवस उरला होता. अर्ज दुसऱ्या दिवशी, गुरुवारी चार वाजेपर्यंत द्यायचा होता. त्यावर दोन सह्या लागत होत्या. एक नव्या विषयाच्या प्रमुखांची आणि एक जुन्या. म्हणजे रुपचंद सरांची!

संध्याकाळी तिनं घरी फोन लावला. भागाबाईनं सगळं ऐकून घेतलं. फोनमध्ये गोठ्यातल्या घंटांचा आवाज येत होता, आईचा येत नव्हता.

"आई, मी सही मागायला गेले तर मामा तुटतील. राखी..."

"माले भाऊ नही," भागाबाई म्हणाली. एवढंच. दिपमालाला वाटलं, संपलं. मग आईनं हळूच विचारलं, "फॉर्म भरताना त्यानी तुले इचारं नही?"

"नाही."

"एकदा बी नही?"

"नाही, आई."

"मंग तू जाय," भागाबाई म्हणाली. "त्याले इचार. इचारामा काय पाप शे? मीच तुले इचारू दिन्हं नही."

गुरुवारी सकाळी कामिनी मॅडमनी आनंदानं सही केली. दुपारी दोन वाजता दिपमाला तत्त्वज्ञानाच्या खोलीत उभी राहिली. सरांनी अर्ज वाचला. पुन्हा वाचला.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"माहितीपुस्तिकेत आहे."

"भाचीनं मामाकडं असा कागद आणायचा? वसतिगृहात जागा कुणी मिळवून दिली? तुझ्या बापानं?"

"तुम्ही दिली. पण भूगोल भरला असं सांगितलंत. तो भरला नव्हता."

सरांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं. मग एकदम त्यांचा आवाज उतरला. "वीस नावं झाली नाहीत तर विषय बंद होतो, कळतं का तुला? सव्वीस वर्षं शिकवतोय मी. या वयात मला सांगतील, जा बाबा घरी, तुझी गरज नाही. आणि मी तुझं वाईट काय केलं? तत्त्वज्ञान काय वाईट आहे?"

"विषय वाईट नाही," दिपमाला म्हणाली. "तुम्ही अंगणात बसून म्हणाला असतात, बेटा, माझ्या वर्गाला मुलं कमी पडतात, येतेस का, तर मी कदाचित आलेही असते. आईनं तर मला ढकलून पाठवलं असतं. पण तुम्ही विचारलंच नाही. आम्ही तुम्हाला आपला माणूस म्हणून कोरा कागद दिला, आणि तुम्ही आम्हाला आकडा म्हणून भरलंत!"

सरांनी अर्ज टेबलाच्या कडेला सारला. मग म्हणाले, "उद्या ये."

"उद्या मुदत नाही."

"मला तास आहे." ते उठले आणि निघाले.

"मी इथंच बसते, सर."

दारापाशी पोचलेले रुपचंद सर थबकले. ती त्यांना पहिल्यांदाच सर म्हणाली होती. खोलीत दुसरं कुणीच नव्हतं, पण तो शब्द भिंतीला लागून परत आल्यासारखा दोघांनीही ऐकला.

ती बाहेरच्या बाकावर बसली. तीन वाजले. सव्वातीन. कौतिकनाना जिना चढून आले. ग्रंथालय सोडून ते कधी या मजल्यावर आले नव्हते. तिच्या शेजारी बाकावर बसले. साडेतीनला तास सुटला. सर आले. त्यांनी बाकावर बसलेल्या दोघांकडे पाहिलं, आत गेले. पाच मिनिटांनी बाहेर येऊन तिच्या हातात अर्ज ठेवला आणि तिच्याकडं न बघता निघून गेले. सही होती. चार वाजायला दहा मिनिटं असताना हितेंद्रनं त्यावर शिक्का मारला.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. दिपमालानं त्याआधी, सकाळीच, त्या अकरातल्या बाकीच्यांना गाठून सांगितलं होतं. तिघांनी मुदतीत सरांची सही घेऊन विषय बदलले. काहीजण म्हणाले, "जाऊ दे, सर काका लागतात आमचे." नीलेश नावाचा मुलगा बुधवार नसतानाही ज्योत्स्ना मॅडमना गाठून खोली नंबर नऊमध्ये दोन तास बोलून आला आणि म्हणाला, "मी तत्त्वज्ञानातच राहतो. पण आता मी राहतोय, मला ठेवलेलं नाही." तेवढ्याही फरकानं त्याची मान ताठ झाली होती.

त्या राखीला रुपचंद सर आले नाहीत. भागाबाईनं आणलेली राखी देव्हाऱ्यात ठेवली. कुणी विचारलं तर म्हणाली, "रस्ता खराब शे."

पुढच्या जूनमध्ये प्रवेश सुरू झाले, तेव्हा ग्रंथालयाच्या दाराशी एक टेबल लागलं. मागं दिपमाला आणि नीलेश. शेजारी कौतिकनाना. त्यांचे नोकरीचे शेवटचे पाच महिने राहिले होते. टेबलावर माहितीपुस्तिकांची थप्पी होती आणि पुठ्ठ्यावर नानांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: 'आधी विचारा.'

पहिल्याच दिवशी साक्रीकडची एक मुलगी वडिलांबरोबर आली. वडील म्हणाले, "आमचे ओळखीचे आहेत आत. ते भरतील. हिची सही झालीय, बठ्ठं झालं."

दिपमालानं फॉर्म पाहिला. रकाने कोरे. खाली कोवळी, वळणदार सही. तिला अंगणातल्या खाटा आठवल्या. तिनं एक पुस्तिका उघडून मुलीपुढं सरकवली.

"ओळखीच्यांना भेटा, काका. पण आधी हिला विचारा. हिला काय आवडतं?"

वडील मुलीकडे बघू लागले, जणू हा प्रश्न त्यांना कधी सुचलाच नव्हता. मुलगी आधी लाजली, मग पान उलटायला लागली.

दुपारी गर्दी ओसरल्यावर रुपचंद सर आले. टेबलासमोर उभे राहिले. हातात एक कागद होता. तो त्यांनी थप्पीच्या शेजारी ठेवला आणि वर काचेचा जड गोळा. कागदावर लांब शेपटीच्या 'त'नं लिहिलेलं होतं: 'तत्त्वज्ञान. या विषयात काय शिकवतात, ते खाली दिलं आहे. जागा भरपूर रिकाम्या आहेत. वाचून पाहावं. पटलं तरच यावं.'

दिपमालानं कागद वाचला. मान वर केली. "मामा" हा शब्द ओठापर्यंत आला होता. खरंच आला होता. पण तो तिथंच राहिला.

"ठेवते, सर," ती म्हणाली. "विचारलं कुणी, तर दाखवीन."

सरांनी मान हलवली आणि ते गेले. नाना म्हणाले, "यंदा वीस होतील का गं?"

"माहीत नाही, नाना. झाले तर खरे वीस असतील."

वाचकहो, विश्वासघात नेहमी परका करतो असं नाही. कधीकधी आपणच आपल्या माणसाच्या हातात कोरा कागद देतो, आणि त्याच्या पोटात भीती असेल तर त्या कोऱ्या जागेत तो स्वतःची गरज लिहितो. म्हणून मुलांनो, सही करण्याआधी रकाना वाचा, कॉलेजातली प्रत्येक बंद खोली एकदा ठोठावून पाहा. आईबापांनो, आपल्या माणसावर खुशाल विश्वास ठेवा, पण आपल्या मुलीलाही एकदा विचारा. विचारल्यानं नातं तुटत नाही. न विचारता केलेल्या उपकारानं मात्र ते असं तुटतं, की मामाला मामा म्हणायलाही जीभ रेटत नाही.